किक सगळ्यात शेवटी

नगर जिल्ह्यात पडवीत, गोठ्याच्या कडेला किंवा रिकाम्या कांदा चाळीत जुनं लुगडं पांघरून उभी असलेली मोटारसायकल हमखास दिसते. पारनेर-पाथर्डीकडे तिचा मालक बहुधा फौजेत असतो आणि रजेवर आला की तिच्यावर टांग टाकतो. कुठे मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो, कुठे वडील गेल्यावर त्यांची गाडी विकायला कुणाचं मन होत नाही. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या घरांतल्या काही गाड्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, दाराशीच असतात. मग एक दिवस कुणीतरी पांघरूण ओढतं, चावी फिरवतं आणि किक मारायला लागतं. पाय भरून येतो, गाडी ढिम्म हलत नाही, शेवटी शेजारची पोरं धक्का मारायला येतात.

नेमकं हेच करायचं नसतं. उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन सहसा बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं ते तिच्या पोटातलं पातळ: पेट्रोल, इंजिन ऑइल, बॅटरीतलं ॲसिड, ब्रेकचं ऑइल. लोखंड वर्षभर उभं राहिलं तरी तग धरतं, पेट्रोल धरत नाही. म्हणून आधी हे पातळ बघायचं, मग तारा आणि रबर, आणि किक सगळ्यात शेवटी. घाई केली तर टाकीतला गाळ कार्बोरेटरमध्ये आणि सिलिंडरमधला गंज पिस्टनवर जातो. शंभर-दोनशे रुपयांत भागलं असतं ते काम मग हजारांवर जातं.

सुरुवात टाकीपासून. झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास झणकन नाकात चढतो. शिळ्याला जुन्या वार्निशसारखा, किंचित आंबट वास येतो. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आणि त्यातले सगळ्यात हलके घटक सगळ्यात आधी उडून जातात. थंड इंजिन पेट घेतं ते याच हलक्या घटकांच्या जोरावर. मागे राहिलेलं जड पेट्रोल तापलेल्या इंजिनात जळेल, पण थंड इंजिनात त्याची नीट वाफच होत नाही. शिवाय हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची हळूहळू क्रिया होऊन राळेसारखा चिकट पदार्थ तयार होतो. नगरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, दोन्ही गोष्टी झपाट्याने होतात. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनं पेट्रोल असेल तर ते काढून टाकावं हे बरं. टाकीत बघायला मोबाइलचा टॉर्च वापरा. काडी पेटवून टाकीत डोकावणारे महाभाग अजूनही भेटतात, म्हणून सांगावं लागतं.

पेट्रोल कॉकची नळी काढून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली दहा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी शिरलंय असं समजा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉक पेट्रोल ओढतो तोही तळातूनच. म्हणजे टाकी भरलेली असली तरी इंजिनाला पहिला घोट पाण्याचा जातो.

हे पाणी येतं कुठून? काही टाकीतल्या हवेतला दमटपणा रात्री गार पत्र्यावर साचून येतं. पण आजच्या पेट्रोलमध्ये पाणी ओढून घेणारा एक घटक मुद्दामच मिसळलेला असतो आणि त्याचा या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 मध्ये त्याचं गाळप सुरू झालं. पुढे संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा, राहुरी असा उसाचा पट्टाच तयार झाला. साखर झाली की मळी उरते, मळीपासून अल्कोहोल आणि त्यातलं पाणी पूर्ण काढलं की इथेनॉल. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे तीन सरकारी प्रयोग 2001 मध्ये झाले, त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रात होती: मिरज आणि कोपरगावच्या शेजारचं मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीला. 2003 पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं, 2022 मध्ये देशाने दहा टक्के गाठले आणि 2025 मध्ये पंपावर वीस टक्क्यांचं पेट्रोल सर्रास मिळू लागलं. थोडक्यात, राहात्यातल्या गाडीच्या टाकीत आज राहात्यातलाच ऊस असू शकतो.

इथेनॉलबद्दल पानाच्या टपरीवर बरंच काही ऐकू येतं. त्यातलं खरं काय ते वेगळं करायला हवं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात लिटरमागे साधारण सहा-सात टक्के ऊर्जा घटते. रोज चालणाऱ्या गाडीत याचा परिणाम मायलेजपुरता. उभ्या गाडीची गोष्ट वेगळी आहे, कारण इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं आणि दिसतही नाही. दहा टक्के मिश्रणात सामान्य तापमानाला ही मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, वीस टक्क्यांत ती वाढते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि तळाशी बसतात. मग वर राहतं ऑक्टेन घटलेलं पेट्रोल आणि खाली राहतं गंज चढवणारं, न जळणारं मिश्रण. हे वर-खाली ढवळून पुन्हा एकजीव होत नाही. ताजं पेट्रोल ओतून 'ॲडजेस्ट' करण्याचा उपाय इथे चालत नाही, टाकी रिकामीच करावी लागते. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग वीस टक्के मिश्रणाला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांच्या, विशेषतः वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या, नळ्या आणि सील फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. दहा-वीस रुपयांची पेट्रोलची नळी अशा वेळी न बघताच बदलून टाकावी.

टाकीत आत तांबूस पापुद्रे दिसत असतील तर अकोले तालुक्याकडची गाडी ओळखावी, असं गमतीने म्हणता येईल. भंडारदरा-घाटघरच्या पावसात टाकी आतून गंजते. कर्जत-जामखेडच्या उन्हात तीच टाकी कोरडी राहते, पण टायर आणि सीट तडकतात. गंज हलका असेल तर कॉक काढून टाकी लिंबूसत्त्वाच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवायची, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, लगेच पेट्रोल भरायचं. आत खडी किंवा नटबोल्ट टाकून टाकी घुसळणारे मिस्त्री आहेत. कधी गंज निघतो, कधी टाकीला भोक पडतं. आणि रिकामी टाकी वेल्डिंगला नेऊ नये. पेट्रोल संपलं तरी वाफ उरते, आणि भडका वाफेचाच उडतो.

आता कार्बोरेटर. याच्या खालच्या वाटीत, फ्लोट चेंबरमध्ये, घोटभर पेट्रोल असतं. टाकीत खराब व्हायला पेट्रोलला काही महिने लागतात, इथे काही आठवडे पुरतात. उडून गेलेल्या पेट्रोलमागे पिवळट-हिरवट चिकटा उरतो आणि तो बसतो नेमका पायलट जेटमध्ये, ज्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गाडी चोकवर सुरू होते, चोक काढला की बंद पडते, ॲक्सिलरेटर पिळून धरला तरच चालते, हे लक्षण जवळजवळ नेहमी पायलट जेट तुंबल्याचं. प्लग बदलून, टॅपेट वाजवून काही होत नाही. वाटी उघडायची, जेट बाहेर काढायचे, क्लीनर मारून कॉम्प्रेसरची हवा द्यायची आणि उजेडाकडे धरून छिद्र आरपार दिसतं का बघायचं. सुई किंवा पोलादी तार आत घालू नये. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पीत राहते. फ्लोटची निडल अडकली असेल तर पेट्रोल वाहत राहतं, कधी थेट सिलिंडरमधून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल बदलल्याशिवाय एकही किक मारू नये.

लुनाची तऱ्हा थोडी वेगळी. 1972 साली किनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली ही पन्नास सीसीची मोपेड नगरची लेक. दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून निघालेल्या लुना अजून कितीतरी घरांच्या माळ्याखाली पडून आहेत. टू-स्ट्रोक असल्याने तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडून जातं, ऑइल जात नाही. कार्बोरेटरच्या तळाशी मधासारखा थर तयार होतो. सायलेन्सरही कार्बनने जाम झालेला असतो. पण लुनाला सुरू व्हायला बॅटरी लागत नाही, फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोवर तिचं काम भागतं. पॉइंट बारीक पॉलिशपेपरने पुसले, कार्बोरेटर धुतला, ताजं मिश्रण घातलं की ती पॅडल मारल्यावर फटफटायला लागण्याची शक्यता दहा वर्षं उभ्या राहिलेल्या कुठल्याही आधुनिक गाडीपेक्षा जास्त. कमी भाग, कमी बिघाड, एवढंच त्यातलं रहस्य.

गाडी गोठ्यात ठेवली असेल तर तारा आणि जोड डोळ्यांत तेल घालून तपासा. जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्याचा आणि पितळेचा वैरी आहे. हे आधी कळलं ते बंदुकीच्या काडतुसांवरून. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप भेगा पडत. पितळ ओढून काडतूस घडवताना धातूत ताण राहून जातो आणि तबेल्यातला अमोनिया तिथेच घाव घालतो, हा उलगडा 1921 मध्ये झाला. दुधाच्या धंद्यामुळे आपल्याकडे गाडी आणि गाय एकाच छपराखाली असणं अगदी स्वाभाविक. पण तिथे वर्षभर राहिलेल्या गाडीचे कपलर उघडले की तारांची टोकं काळी-हिरवी पडलेली दिसतात. मग हॉर्न वाजत नाही, इंडिकेटर लागत नाही, आणि दोष बॅटरीला दिला जातो.

कांदा चाळीत दुसरा भाडेकरू असतो, उंदीर. त्याला वायरिंगचं आवरण कुरतडायला आवडतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात घर करायला त्याहून जास्त. फिल्टरचं झाकण काढून बघाच. सायलेन्सरच्या तोंडात आणि टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. हवेची नळी बुजली की पेट्रोल उतरत नाही. गाडी दोन किलोमीटर चालून बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालते, आणि चांगला मिस्त्रीसुद्धा डोकं खाजवत बसतो.

बॅटरीचं गणित सरळ आहे. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर 12.6 ते 12.8 दाखवते. बाराच्या खाली आली तर ती जवळजवळ संपलेली. लेड-ॲसिड बॅटरी नुसती उभी राहूनही उतरते आणि उष्णतेत हा वेग झपाट्याने वाढतो. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि मग चार्जर लावूनही ती उठत नाही. उघडायच्या झाकणांची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी क्षारांचं असतं आणि ॲसिड तर मुळीच नको. चार्जिंग सावकाश हवं, क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाने. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर बहुतेक गाड्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आणि बॅटरीचं महत्त्व एकदम वाढलं. पेट्रोल ढकलणारा पंप, ते मोजणारा कॉम्प्युटर, दोन्ही विजेवर. बॅटरी मेलेली असेल तर धक्का मारूनही बहुतेकदा उपयोग होत नाही. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली तर पंप जिवंत आहे. आवाज नाही आणि बॅटरी भरलेली असेल तर जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने पंप जाम झालेला असू शकतो. ते काम मात्र घरी करण्यासारखं नाही.

आता इंजिन. बंद पडल्यावर काही आठवड्यांत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल निथळून खाली उतरतं. उघड्या पडलेल्या भिंतीवर दमट हवेने गंजाचा पातळ थर येतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथे धरतात. म्हणून प्लग काढून त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडायचं. गाडी काही महिनेच उभी असेल तर तासभर, वर्षं लोटली असतील तर रात्रभर थांबायचं. मग गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायचं. चाक अडलं तर जोर करायचा नाही. थोडं मागे, थोडं पुढे, पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. किकवर उभं राहून उडी मारणाऱ्याच्या पायात किकचा दांडा येतो किंवा रिंग तुटते.

जुनं इंजिन ऑइल काळं दिसो वा सोनेरी, बदलाच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून जातं, पण थोडं इंजिनात उतरतं आणि जळणातल्या आम्लांसह ऑइलमध्ये राहतं. गाडी उभी असताना हे मिश्रण बेअरिंगांवर काम करत असतं.

ऑइल बदललं की प्लग वायरला जोडून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा आणि पंधरा-वीस संथ किका मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढतं. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब धरा. वायर मोकळी लोंबकळत ठेवून किका मारल्या तर सीडीआयला, म्हणजे ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, धक्का बसू शकतो. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळट असेल तर नवा प्लग घ्या.

मग प्लग घट्ट करा, कॉक उघडा, चोक ओढा आणि आता खरी किक. सुरू झाल्यावर निळा-पांढरा धूर निघेल, आपणच ओतलेलं ऑइल जळतंय, दोन-चार मिनिटांत थांबेल. या वेळी रेस करण्याची अनिवार इच्छा होते, ती आवरायची. गिअर टाकण्याआधी क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकलून बघा. प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील तर पहिल्या गिअरला गाडी तुम्हाला घेऊन थेट अंगणाबाहेर जाईल.

सुरू झाली म्हणजे चालवण्याजोगी झाली असं नाही. ड्रम ब्रेकची कॅम गंजून अडकलेली असते. दाबलं की लागतो, सोडलं की सुटत नाही. डिस्क ब्रेकचं ऑइलही पाणी शोषतं. नवं डॉट-4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं 155 च्या आसपासच उकळायला लागू शकतं. करंजी घाट उतरताना लिव्हर अचानक पोकळ लागतो तो त्यामुळे. दर दोन वर्षांनी ते बदलायचं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा दिसल्या तर टायर गेला. आणि विमा, पीयूसी, जुन्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट, पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण. एमएच सोळा नंबरची गाडी नगरच्या आरटीओला, सतरा नंबरची श्रीरामपूरच्या. तिथे तपासणीत दिवे आणि ब्रेक बघतात, म्हणून कागद शेवटी.

राहिला प्रश्न पुन्हा उभी करण्याचा. घरोघरी एक समजूत पक्की आहे: दर रविवारी दोन मिनिटं गाडी चालू करून ठेवली की ती चांगली राहते. प्रत्यक्षात याने नुकसानच जास्त होतं. दोन मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, तयार झालेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही, ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं. स्टार्टरने खाल्लेली वीजही परत भरत नाही. चालवायची तर दहा-पंधरा किलोमीटर चालवा, नाहीतर हात लावू नका. ठेवण्याआधी ताजं ऑइल भरा, टाकी काठोकाठ करा म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही, कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या, बॅटरी काढून घरात ठेवा, मेन स्टँड लावा. पांघरायला सुती कापडच हवं, प्लास्टिकच्या आत घाम धरतो.

2024 च्या फेब्रुवारीत आलेल्या ई-लुनात यातलं पेट्रोल, ऑइल, प्लग काहीच नाही. लिथियम बॅटरीचा नियम मात्र जुन्या बॅटरीच्या उलट आहे: ती पूर्ण भरून ठेवायची नाही आणि पूर्ण उतरूही द्यायची नाही. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून सावलीत ठेवायची आणि दोन-एक महिन्यांनी बघून पुन्हा तिथवर आणायची.